लॅक्टेट तेरा, पण हातपाय गरम : लिंफोमाचं (लसिका गाठींच्या कॅन्सरचं) एक प्रकरण

पेशंट ६१ वर्षांचे, राहायला पुण्यात धायरीत, सगळी नोकरी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये करून रिटायर झालेले. ओळख पटेल असे तपशील बदललेत. डायबेटिस जुना, दारू नाही, तंबाखू मळायची सवय. कॅज्युअल्टीत आले ते दम लागतो म्हणून. मुलगी सोबत होती, तिने जाडजूड फाईल पुढे केली आणि म्हणाली, "डॉक्टर, छातीचा फोटो क्लीन आहे, सीटी पण क्लीन आहे, मग बाबांना दम का लागतोय ते कोणी सांगतच नाहीये." प्रश्न एकदम बरोबर होता.

मागची हकीकत अशी की अडीच महिने झाले थकवा, संध्याकाळची कणकण, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम आणि वजन ७४ किलोवरून ६३. मानेत डाव्या बाजूला हाडाच्या वर गाठ. त्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासल्या, म्हणजे एफएनएसी, त्यात "रिअ‍ॅक्टिव्ह" आलं. ताप, घाम, वजन आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच येतो आणि त्यात चूक काहीच नाही, बहुतेक वेळा तो टीबीच निघतो. एका डॉक्टरांनी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू केली, तीन आठवडे झाले, ताप हलला नाही, भूक पार गेली आणि चार दिवसांपासून दम. अगोदरच्या नर्सिंग होमने फुप्फुसात गुठळी आहे का म्हणून सीटी अँजिओ केला, काही सापडलं नाही, मग "सेप्सिस विथ लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस" (म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय) असं लिहून पाठवून दिलं, येताना दोन लिटर सलाईन आणि मेरोपेनेम हे अँटिबायोटिक देऊन.

आता बेडवर काय दिसत होतं ते सांगतो कारण या केसमध्ये मशीनपेक्षा बेडवरच जास्त कळत होतं. श्वास मिनिटाला ३०, खोल आणि एका लयीत, धापा टाकल्यासारखा नाही. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९८. बीपी १२४/७६, पल्स १०८. पाय गरम, गुडघ्यावर चट्टे नाहीत, नख दाबून सोडलं की दोन सेकंदात परत लाल. युरोबॅगमध्ये लघवी भरपूर, रंग नारिंगी, तो रिफाम्पिसिनचा. आणि पेशंट पूर्ण शुद्धीत, नुसते शुद्धीत नाही तर सिस्टरला नवले पूल टाळून भोसरीला कसं जायचं ते समजावून सांगत होते. सिस्टर दुसऱ्या हाताने ग्लुकोमीटर लावत होती, त्यावर आकडा आला ४८.

४८ इतकी कमी शुगर आणि माणूस रूट सांगतोय. तिने पट्टी बदलून परत केलं, ४७. लॅबचा रिपोर्ट आला, ४६.

एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी : पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड २२, आम्ल शमवणारं बायकार्ब १०, लॅक्टेट १३.४. सोडियम १३४, क्लोराइड ९८, म्हणजे रक्तात न मोजलेलं आम्ल किती ते दाखवणारा अ‍ॅनियन गॅप २६, त्यात अल्ब्युमिन २.६ असल्यामुळे खरा गॅप अजून तीन-साडेतीनने जास्त धरायचा. दम का लागतोय याचं उत्तर इथेच मिळालं, फुप्फुसाचा काही संबंधच नव्हता. रक्तात आम्ल साठलं की मेंदू श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, बायकार्ब १० असेल तर तो साधारण २३ च्या आसपास यायला हवा, आणि २२ होता. म्हणजे फुप्फुसं उलट नेमून दिलेलं काम चोख करत होती. मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली की मग इतके सीटी कशाला केले. यावर मी गप्प बसलो, गुठळी बघणं गरजेचं होतंच.

तर प्रश्न असा उरला की १३.४ लॅक्टेट येतंय कुठून.

लॅक्टेट २ च्या खाली हवं, ४ च्या वर गेलं की आयसीयूत सगळे सावध होतात, आणि आमच्या डोक्यात लॅक्टेट वाढलं की लगेच शॉक असंच बसलेलं असतं. ते उगाच नाही बसलेलं. बीपी पडलं, पेशींना ऑक्सिजन मिळेना, मग पेशी ऑक्सिजनशिवाय साखर फोडतात आणि लॅक्टेट तयार होतं. सेप्सिसच्या गाईडलाईनमध्ये लॅक्टेट ४ किंवा जास्त असेल तर किलोमागे ३० मिली सलाईन सुरू करा असं आहे, त्यामुळे आकडा दिसला की हात आपोआप सलाईनकडे जातो. पण १९७६ मध्ये कोहेन आणि वुड्स या दोघांनी लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसचे दोन गट पाडले होते. ए म्हणजे ऑक्सिजन किंवा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे झालेला, बी म्हणजे रक्तपुरवठा ठीक असताना झालेला. आणि बी मध्ये परत तीन : एखादा आजार, एखादं औषध किंवा विष, आणि जन्मजात दोष. एमडीच्या परीक्षेला हे सगळे पाठ करतात आणि नंतर वॉर्डात बी गट कोणाला आठवत नाही, कारण नव्वद वेळा ए च असतो.

इथे ए बसत नव्हता. गरम पाय, भरपूर लघवी, स्वच्छ बीपी आणि दोन लिटर सलाईननंतरही लॅक्टेट जागचं हललं नाही, उलट आदल्या ठिकाणच्या ११.८ वरून वर गेलं. अँटिबायोटिक बंद नाही केलं, कल्चर येईपर्यंत ते चालू ठेवणंच शहाणपणाचं, पण तिसरा लिटर थांबवला.

सॅम्पलचा घोळ नाही ना हे आधी पाहिलं. हे किरकोळ वाटतं पण नसतं, रक्त काढून सिरिंज तशीच टेबलावर पडून राहिली तर लाल पेशी त्यातली साखर खात बसतात आणि लॅक्टेट खोटं वाढतं, म्हणून एकतर लगेच मशीनवर लावायचं नाहीतर ग्रे टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घ्यायचं. साखरेचंही तसंच, पांढऱ्या पेशी लाखांत असतील तर त्या ट्यूबमध्येच साखर संपवतात आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. इथे पांढऱ्या पेशी ७४०० होत्या आणि ग्लुकोमीटर लगेचच लावलेला होता, म्हणजे साखर खरंच कमी होती.

मग औषधं. गोळ्यांची पिशवी उघडली तर डायबेटिसची, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची ती घरोघरी असणारी एकत्र गोळी निघाली. आमचा रजिस्ट्रार (शिकाऊ डॉक्टर) खूश, कारण एका गोळीत दोन्ही उत्तरं : मेटफॉर्मिनने लॅक्टेट आणि ग्लिमेपिराइडने शुगर कमी. दिसायला छान जमत होतं. पण पेशंटच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं की जेवणच नाही म्हणून त्यांनी स्वतःच दहा दिवसांपूर्वी गोळी बंद केली, पिशवीत स्ट्रिप अर्धी भरलेली होती. मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर जातं, ते साठून लॅक्टेट एवढं चढायला बहुधा किडनी बसलेली असावी लागते, इथे क्रिएटिनिन १.३, म्हणजे किडनी बसलेली नाही. आणि ग्लिमेपिराइडचा असर दहा दिवस राहत नाही. तरी खात्री म्हणून शुगर ४६ असतानाच्या सॅम्पलमधून इन्सुलिन आणि त्याच्याबरोबर स्वादुपिंडातून निघणारं सी-पेप्टाइड पाठवलं, दोन्ही दबलेलं आलं. स्वादुपिंड गप्पच होतं. कोणीतरी दुसरंच साखर उचलत होतं. टीबीच्या गोळ्यांपैकी आयसोनियाझिड जास्त प्रमाणात पोटात गेलं तर लॅक्टेट वाढतं पण त्यात आधी फिट्स येतात, इथे तसलं काही नाही. शुगर सांभाळणारं कॉर्टिसॉल हार्मोनही नॉर्मल.

बाकीचे रिपोर्ट एकेक करत येत गेले. हिमोग्लोबिन ८.९, प्लेटलेट ९२ हजार, बिलिरुबिन २.१, युरिक अ‍ॅसिड ९.८. आणि एलडीएच १८६०, जिथे आमच्या लॅबची वरची हद्द २५० च्या आसपास आहे. सोनोग्राफीत लिव्हर वाढून १९ सेंटीमीटर, प्लीहा मोठी, पोटात गाठींचा झुपका.

एलडीएच हे एंझाइम नेमकं काय करतं तर साखर फोडून मिळणाऱ्या पायरुव्हेटचं लॅक्टेट बनवतं. मला नेहमी गंमत वाटते की आपण एलडीएच हा "कॅन्सरचा मार्कर" म्हणून पाठवतो, लिंफोमा किती वाईट ते मोजणाऱ्या इंटरनॅशनल प्रोग्नॉस्टिक इंडेक्समध्ये १९९३ पासून त्याला एक मार्क आहे, आणि तरी ते काम काय करतं हे विचारलं की निम्मे लोक अडखळतात. म्हणजे रक्तात त्याचं प्रमाण वाढतं ते मुख्यतः पेशी मोडून बाहेर सांडल्यामुळे, हे खरंय, पण ज्या पेशी भराभर साखर फोडतात त्यांच्यात ते मुळातच ठासून भरलेलं असतं.

याच्या मागे ऑटो वॉरबर्ग. जर्मन बायोकेमिस्ट, १९२० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही साखरेचं पूर्ण ज्वलन करत नाहीत, अर्ध्यावर सोडून लॅक्टेट बाहेर टाकतात. वरवर बघता हा आतबट्ट्याचा व्यवहार. एका ग्लुकोजपासून नीट जाळलं तर तीसेक एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळतात, असं अर्धवट फोडलं तर फक्त दोन. वॉरबर्ग यांचं म्हणणं होतं की पेशीचं ऊर्जाकेंद्र, मायटोकॉन्ड्रिया, बिघडलं म्हणून असं होतं आणि तेच कॅन्सरचं मूळ. हे म्हणणं टिकलं नाही, बहुतेक कॅन्सरमध्ये मायटोकॉन्ड्रिया चालू असतं. (आणि वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एंझाइमवरच्या कामासाठी, कॅन्सरसाठी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर उलटं फिरतं.) मग पेशी असं का करते? एक कारण म्हणजे वेग, आणि दुसरं, जे मला जास्त पटतं, ते असं की झपाट्याने दुप्पट होणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा नको असते, तिला माल हवा असतो, नवीन डीएनए, नवीन पडदा, नवीन प्रोटीन, आणि तो माल साखर फोडण्याच्या मधल्या पायऱ्यांवरूनच उचलता येतो. मिक नावाचं जीन यात मुकादमाचं काम करतं, ते एकाच वेळी पेशीला वाढायचा हुकूम देतं आणि हेक्सोकायनेज, एलडीएच-ए अशी साखर फोडणारी यंत्रणाही वाढवतं. बर्किट लिंफोमात तर बहुतेक वेळा ८ आणि १४ नंबरच्या क्रोमोसोमच्या अदलाबदलीमुळे मिक कायमचं चालूच राहतं, म्हणून कॅन्सरमुळे होणारा लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरपेक्षा ल्युकेमिया आणि वेगाने वाढणाऱ्या लिंफोमात जास्त दिसतो.

पेट स्कॅनसुद्धा याच खोडीवर चालतो. किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलेली साखर टोचतात आणि ती कोण हावरटासारखी खातंय ते बघतात.

पण नुसतं उत्पादन वाढून लॅक्टेट १३ होत नाही. धडधाकट माणसाच्या शरीरात रोज हजार-दीड हजार मिलिमोल लॅक्टेट तयार होतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही, कारण लिव्हर ते उचलून परत साखर बनवते, थोडं किडनी उचलते. सिंहगड एका दमात पळत चढणाऱ्या पोराचं लॅक्टेट वर पोचल्यावर १० च्या पुढे असू शकतं, आणि पिठलं-भाकरी होईपर्यंत ते परत खाली आलेलं असतं. गडबड होते ती लिव्हरच लिंफोमाने भरली की. गाळप हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या वाढत चालल्यात आणि आत निम्मे रोलर बंद, तसं. इथे दोन्ही होतं, १९ सेंटीमीटरची लिव्हर आणि बिलिरुबिन २.१. शिवाय लिव्हर आजारी म्हणजे लॅक्टेटपासून साखर बनवणंही मंद, म्हणून एकीकडे लॅक्टेट चढतंय आणि दुसरीकडे शुगर ४६.

आणि ४६ वर घाम नाही, थरथर नाही, असंबद्ध बडबड नाही. याचं कारण असं की मेंदू फक्त साखरेवर चालतो हे आपण शाळेत शिकलो ते अर्धंच खरं, लॅक्टेट भरपूर मिळालं तर तो लॅक्टेटही जाळतो. लिंफोमाच्या अशा केसेस प्रसिद्ध झालेल्या आहेत, शुगर अगदी खाली आणि पेशंट शांत. म्हणजे जे लॅक्टेट आम्ही शत्रू समजून मोजत होतो तेच त्या घटकेला त्यांचा मेंदू चालवत होतं.

इथून पुढे एक विचित्र पेच. शुगर ४६ आहे म्हटल्यावर सिस्टरने प्रोटोकॉलप्रमाणे २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, शुगर ११२ झाली, दोन तासांत परत ५४, आणि लॅक्टेट १५.१. आपण साखर देतोय ती ट्यूमर खातोय आणि लॅक्टेट परत करतोय. मग द्यायची नाही का? द्यावीच लागते, बिनलक्षणाची म्हणून ४० ची शुगर सोडून देता येत नाही, पण १२० चा आकडा गाठायचा हट्ट सोडला, हळू चालणारा ड्रिप आणि ७० च्या आसपास चालेल असं ठरवलं.

बायकार्ब देऊ का, हे मला रात्रभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं. पीएच ७.२८ ला बायकार्ब देऊन हाती काही लागत नाही. वर्षानुवर्षांचा अनुभव असा की त्याने पीएच तेवढ्यापुरतं सुधारतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि लॅक्टेट उलट वाढू शकतं, कारण आम्ल कमी झालं की साखर फोडणारी साखळी अजून मोकळी धावते. डायलिसिसचंही तेच, नेफ्रॉलॉजिस्ट तयार होते, पण त्यांनीच सांगितलं की मशीन तासाला जेवढं काढेल त्याच्या कितीतरी पट ट्यूमर तासाला बनवेल. पोटॅशियम चढलं तर लावू, एवढंच ठरलं.

थायमिन मात्र लगेच दिलं. व्हिटॅमिन बी-१, स्वस्तातलं इंजेक्शन, आणि बी गटाच्या लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसमध्ये ते न देण्याला काही सबबच नाही. पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात शिरून जळायचं तर पायरुव्हेट डिहायड्रोजनेज लागतं आणि त्याला थायमिन लागतं, ते नसेल तर पायरुव्हेट लॅक्टेटकडेच वळतं. अडीच महिने धड न जेवलेला माणूस, त्यात भराभर वाढणारा ट्यूमर जो थायमिनही खातो, वर आपण ग्लुकोज सोडतोय. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून दिल्या जाणाऱ्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा झाला तेव्हा शिरेतून पोषण घेणाऱ्या काही पेशंटना थायमिनअभावी असाच लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाला होता आणि थायमिन दिल्यावर सुधारला. आमच्या पेशंटचं १५.१ चं १२.६ झालं. थोडा वाटा त्याचा होता म्हणायचं, पूर्ण नाही.

आता गाठ. एफएनएसीवर थांबणं इथे परवडणारं नव्हतं. सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची रचना येत नाही, आणि लिंफोमाचं निदान त्या रचनेवर आणि मार्करवर होतं, त्यामुळे "रिअ‍ॅक्टिव्ह" असा एफएनएसी रिपोर्ट म्हणजे लिंफोमा नाही असं नव्हे. अख्खी गाठ काढून द्यायला हवी. यात सगळ्यात मोठा मोह स्टिरॉइडचा. पेशंट खालावतोय, स्टिरॉइडने लिंफोमा विरघळतो, मग द्या ना आत्ता. पण बायोप्सीच्या आधी स्टिरॉइड गेलं की गाठीतल्या पेशी मरून रिपोर्ट काहीही येऊ शकतो आणि मग कशाची केमो द्यायची तेच कळत नाही. सर्जनला रात्रीच फोन केला, त्यांनी सकाळची यादी सरकवून पहिलीच केस म्हणून लोकल भूल देऊन मानेतली गाठ काढली. बोन मॅरो त्याच टेबलावर. गाठीचा एक तुकडा टीबीसाठी जीनएक्सपर्टला, बाकी फॉर्मॅलिनमध्ये. गाठ टेबलावरून उतरली आणि त्यानंतरच स्टिरॉइड.

पॅथॉलॉजिस्टने दुपारीच इम्प्रिंट (गाठीचा काचेवरचा ठसा) बघून फोन केला, मोठ्या, विचित्र लिंफॉइड पेशी, टीबीचे ग्रॅन्युलोमा कुठे नाहीत. मॅरोच्या फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरच्या खुणा वाचणाऱ्या तपासणीत, सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह, एकेटी बंद. पूर्ण रिपोर्ट यायला काही दिवस लागले : डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा, केआय-६७ ८५ टक्के, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी पेशी विभाजनाच्या कामाला लागलेल्या. नॉन-हॉजकिन लिंफोमामध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. इंडेक्समध्ये पाचपैकी पाच, वय साठच्या वर, एलडीएच जास्त, स्टेज चार, लिव्हर आणि मॅरो दोन्हीत, आणि अंथरुणाला खिळलेला पेशंट. वाईट गट.

हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ) मॅडमनी पूर्ण रिपोर्टची वाट बघितली नाही. लॅक्टिक अ‍ॅसिडोसिसवरचं औषध म्हणजे लिंफोमावरचं औषध, बाकी सगळं वेळ काढणं, हे त्यांचं म्हणणं आणि ते बरोबरच आहे. पण लगेच पूर्ण आर-चॉप (या लिंफोमाची नेहमीची, रिटुक्सिमॅब धरून पाच औषधांची केमो) झेपणार नव्हतं, बिलिरुबिन २ च्या वर असताना डॉक्सोरुबिसिन आणि विनक्रिस्टिन पूर्ण डोसने देता येत नाही. म्हणून आधी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि थोडी सायक्लोफॉस्फमाइड. जी६पीडी हे एंझाइम तपासून युरिक अ‍ॅसिड उतरवणारं रासबुरिकेज, कारण एवढा ट्यूमर एकदम मोडला की पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अ‍ॅसिड सगळं रक्तात ओततं आणि किडनी बसते. हिपॅटायटिस बी ची तपासणी आधीच पाठवून ठेवली, रिटुक्सिमॅबने दबलेला हिपॅटायटिस उसळतो. हृदयासाठी टूडी इको पण.

त्यानंतर जे झालं ते मी रजिस्ट्रारना चार्ट समोर धरून दाखवलं. केमोच्या आधी १४.२. दुसऱ्या दिवशी सकाळी ९.८. मग ५.१. चौथ्या दिवशी २.४. डेक्स्ट्रोजचा ड्रिप कोणी न सांगता आपोआप गरजेचा राहिला नाही, शुगर १३० वर गेली आणि काकूंनी विचारलं की आता ती बंद केलेली गोळी चालू करायची का. श्वास ३० चा १८. ज्या सलाईनने, अँटिबायोटिकने काही हललं नव्हतं ते सायक्लोफॉस्फमाइडने हललं, कल्चर सगळे स्टराइल, म्हणजे जंतू नसलेले, आले. मधे पोटॅशियम ५.८ आणि फॉस्फेट वर गेलं, पण डायलिसिस लागलं नाही. आठवड्याने बिलिरुबिन १.२ झाल्यावर रिटुक्सिमॅब सावकाश, दिवसभर लावून दिलं, आणि मग पुढच्या सायकलपासून दर २१ दिवसांनी पूर्ण आर-चॉप.

खर्चाचं लिहिलं नाही तर पुण्यातल्या वाचकाला अपुरं वाटेल. २००७ मध्ये डॉ. रेड्डीजने रेडिटक्स आणलं तेव्हापासून रिटुक्सिमॅब आपल्याकडे निदान आवाक्याच्या चर्चेत तरी आलं. यांची केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली, पण कागदपत्रं होईपर्यंतचा आयसीयूचा खर्च मुलीने सोसायटीतल्या लोकांकडून उभा केला.

डिस्चार्जच्या वेळी घरचे प्रश्न घेऊन बसले आणि ते प्रश्न मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. काकूंनी लॅक्टिक अ‍ॅसिड हा शब्द ऐकल्यापासून घरातलं दही-ताक बंद केलं होतं. त्यांना सांगितलं की काकू, ताकातलं लॅक्टिक अ‍ॅसिड लिव्हर चुटकीसरशी संपवते, त्याचा आणि लिंफोमाचा काडीचा संबंध नाही, घरचं ताजं ताक चालेल, फक्त केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली असतील त्या दिवसांत नको आणि बाहेरचं उघड्यावरचं तर कधीच नको, ते जंतूंमुळे. जावयाने अल्कलाइन वॉटरचं मशीन बुक केलं होतं. ते पाणी पोटातल्या आम्लात गेल्या गेल्या उदासीन होतं आणि रक्ताचा पीएच ठरवतात फुप्फुसं आणि किडन्या. बुकिंग कॅन्सल झालं की नाही ते मी विचारलं नाही. मुलीचा प्रश्न जास्त अवघड होता, की कॅन्सर जर साखरच खातो तर साखर पूर्ण बंद केली तर तो उपाशी मरेल ना? दिसतं सरळ, पण आपण एक दाणा साखर नाही खाल्ली तरी लिव्हर स्नायूंतून, चरबीतून कच्चा माल घेऊन साखर बनवतच राहते. उपाशी राहतो तो पेशंट. ६३ किलोच्या माणसाला केमो झेपायची तर आमटी-भात-अंडं पोटात जायला हवं. डायबेटिस आहे आणि वर स्टिरॉइड चालू, म्हणून गोड कमी, हे वेगळं, त्याचं कारण वेगळं.

ट्यूमरचं हे लॅक्टेट बाहेर टाकायचं दारच बंद करायचं औषध निघू शकेल का, यावर काम झालेलं आहे. पेशीतून लॅक्टेट बाहेर नेणारे एमसीटी-१ आणि एमसीटी-४ असे वाहक आहेत, आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि बर्किट लिंफोमात बऱ्याचदा एमसीटी-१ भरपूर आणि एमसीटी-४ जवळजवळ नाही असं दिसतं, म्हणजे एकच दार. ते बंद करणारं एझेडडी३९६५ नावाचं औषध ब्रिटनमध्ये माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं. रोजच्या उपचारात ते नाही. लॅक्टेट नुसता कचरा नाही हेही आता दिसतंय, ट्यूमरच्या आसपास ते साठलं की मारायला आलेल्या टी पेशी तिथे सुस्तावतात. आमच्या पेशंटला यातलं काही लागू नव्हतं, पण रजिस्ट्रारने विचारलं म्हणून लिहिलं.

सहा सायकल झाल्या. दुसऱ्या सायकलला पांढऱ्या पेशी पडून ताप आला, तेव्हा कॅज्युअल्टीत लॅक्टेट ३.१ आलं आणि मुलगी प्रचंड घाबरली की परत तेच. पण यावेळी बीपी ९०/५०, हात गार, लघवी कमी. हा खरोखरचा सेप्सिस, यावेळी सलाईन आणि अँटिबायोटिकच हवं होतं आणि सहा तासांत लॅक्टेट १.७ झालं. एकाच माणसात दोन महिन्यांच्या अंतराने १३ वाला आकडा बी गटाचा आणि ३ वाला ए गटाचा, हे मी आता शिकवताना शेजारी शेजारी लिहितो, आणि दोन्हीच्या खाली पायांचं तापमान.

शेवटच्या पेटमध्ये लिव्हर स्वच्छ आली, पोटातल्या एका गाठीत अजून थोडी चमक आहे. ती जिवंत आहे की नुसती सूज हे स्कॅन सांगत नाही, म्हणून तिची बायोप्सी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. एलडीएच २१०, वजन ६८. मुलगी दर वेळी लॅक्टेट पण करा म्हणून मागे लागते, फॉलोअपची ती नेहमीची टेस्ट नाही, पण या एका पेशंटच्या फॉर्मवर मी ती लिहून देतो.